उजव्या हाताचा आकडा

कासलबार, मेयो
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

आदरणीय वसुधाताई,

नमस्कार. कॉर्कला तुम्ही सगळे बरे असाल. इकडे चार दिवस सलग पाऊस आहे, पण थंडी अजून फारशी नाही. नर्सिंग होममधलं काम ठीक चाललं आहे. माझ्या जेवणाची काळजी करू नका, भात आणि आमटी रोज करतो.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी कसा अडखळतो ते तुम्ही तीन वेळा ऐकलं आहे. बारावीत नापास झाल्यापासून मला एकच गोष्ट नीट जमते, ती म्हणजे चूक न करता लिहिणं. रणजितदादा त्यावरून मला कारकून म्हणायचा. हे पत्रही मी आधी वहीत लिहिलं आणि आता उतरवून काढतो आहे. तरी अक्षर हललेलं दिसेल. त्याचं कारण पुढे लिहिलं आहे.

आम्ही राहायचो त्या घरातली दादाची खोली तुम्ही सांगितल्याप्रमाणे आवरायला घेतली. पुस्तकं दोन खोक्यांत भरली. ऑफिसचा लॅपटॉप त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला. हॉट प्रेसमध्ये, गरम पाण्याच्या टाकीवरच्या फळीवर, दादाचे डोंगरावरचे लोकरी मोजे सापडले. ऑगस्टमध्ये निघताना शोधून शोधून मिळाले नव्हते ते. टाकी चोवीस तास गरम असते, तरी मोजे ओले होते. वाळत घातले आहेत. अजून वाळलेले नाहीत.

तुमचं पाकीट मंगळवारी मिळालं. आतलं निवेदन वाचलं. 'शेवटच्या कॅम्पवर संध्याकाळी गाईडने रणजितचा ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला नाही, आकडा मनाने लिहिला.' खाली माझ्या सहीसाठी जागा. शुक्रवारपर्यंत पाठव, असं तुम्ही वर चिकटवलेल्या चिठ्ठीत लिहिलं आहे, कारण एकवीस तारखेला तिकडे त्या गाईडच्या लायसन्सचा निर्णय आहे.

मी सही केलेली नाही.

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

पहिली गोष्ट. दादा किलिमांजारोवर निघालाय हे मला विमानतळावर कळलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं आहे. मला एप्रिलपासून माहीत होतं. दर रविवारी आम्ही इथला क्रो पॅट्रिकचा डोंगर चढायचो तो त्याचाच सराव होता. तुम्हाला सफारीला जातोय सांगायचं, सिंहांचे फोटो नेटवरून काढून पाठवायचे, हे सगळं तिथेच वर दगडावर बसून ठरलं. 'ताई भूलतज्ज्ञ आहे रे, तिला आकडे सांगितले की ती मला झोपवूनच ठेवेल,' असं दादा म्हणाला आणि मी हसलो.

दोन वर्षांपूर्वी दादाला किलिमांजारोवरच शेवटच्या कॅम्पवरून खाली पाठवलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. पण इथल्या गणपतीत त्यावरून काय चालायचं ते तुम्हाला माहीत नसेल. गॉलवेचा गौरव आरती संपल्यावर ओरडायचा, 'अर्ध्या किलिमांजारोला अर्धाच मोदक द्या रे!' दादाच सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मग गाडीत घरी येईपर्यंत गप्प.

दुसरी गोष्ट, गाईडची. त्याचं नाव गॉडलिसन. हे खरंच नाव आहे, त्यांच्यात असतात अशी. वय पन्नासच्या आसपास, आवाज अगदी बारीक. तो रोज संध्याकाळी जेवण झालं की बोटाला लावायचं मशीन घेऊन एकेका तंबूपाशी जायचा. वरच्या कॅम्पांवर वारा इतका असायचा की कुणाला बाहेर बोलवायचाच नाही. तंबूची चेन वीतभर उघडायची आणि हात बाहेर काढायचा. तो बाहेरून 'किडोले' म्हणायचा, म्हणजे त्यांच्या भाषेत बोट. आधी दादा, मग मी, हा क्रम ठरलेला. मी नेहमी डावा हात द्यायचो, कारण उजव्या हातात वही असायची. दादा उजवा द्यायचा. त्यावर तुमची राखी होती, लाल रेशमाची, मध्ये एक चपटा मणी. गॉडलिसन ती बघून म्हणायचा, 'आह, मिस्टर सिस्टर!' आणि आकडा लिहायचा. सत्तरच्या खाली गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी खाली, हा नियम त्याने पहिल्याच दिवशी सांगितला होता आणि तो कुणासाठीही मोडला नाही. आमच्यातल्या एका जर्मन बाईंना त्याने तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. त्या रडल्या तरी पाठवलं.

माझ्या खिशात माझं स्वतःचं मशीन होतं. कामावरची सवय.

२७ ऑगस्ट, बुधवार. शेवटचा कॅम्प. त्याचं नाव बाराफू, म्हणजे बर्फच. पण बर्फ कुठे नव्हता, नुसते काळे दगड आणि वारा. दादा दुपारपासून खोकत होता. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचा. पाठीला कान लावला तर आत पातेल्यात पाणी उकळावं तसा आवाज येत होता. ताई, हा आवाज कशाचा असतो ते मला माहीत आहे. मी तो कामावर ऐकलेला आहे. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

जेवणाच्या आधी मी दादाच्या बोटाला माझं मशीन लावलं.

'किती?'

'अठ्ठावन्न.'

'बोट गार असेल. चोळून लाव.'

चोळलं. परत लावलं. अठ्ठावन्न.

'लिहिलंस?'

'अजून नाही.'

'मग लिहू नकोस, कारकून.'

मी म्हणालो, 'दादा, खाली जाऊ. आत्ताच सांगू त्याला.'

'दोन वर्षांपूर्वीपण मला असंच कुणीतरी शहाण्याने सांगितलं होतं. चल यार, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. सकाळी खालीच उतरायचंय.' मग त्याला धाप लागली. ती जरा बसली तेव्हा म्हणाला, 'हात दे तुझा. उजवा.'

राखीची गाठ त्याला बोटांनी सुटेना. दातांनी सोडवली आणि माझ्या मनगटावर बांधली. दातांनीच ओढून घट्ट केली.

'दोन मिनिटं तू मी हो. मग परत दे.'

बाहेर पावलं वाजली. 'किडोले.' मी राखीचा हात चेनमधून बाहेर काढला. 'मिस्टर सिस्टर! एटी थ्री. गुड, गुड.' मग मी डावा हात काढला. चौऱ्याऐंशी. तो पुढच्या तंबूकडे गेला.

ताई, तुम्ही मला फोनवर म्हणालात, 'संध्याकाळी त्र्याऐंशी असलेल्या माणसाची फुप्फुसं पहाटेपर्यंत अशी भरत नाहीत. मी रोज हेच काम करते. हा आकडा खोटा आहे.' आकडा खरा होता. बोट माझं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. रात्री शिखराकडे निघालो आणि उजाडताना कड्याच्या खाली तो बसला आणि उठला नाही. गॉडलिसनने त्याला पाठीवर घेतलं, ऑक्सिजन लावला, दोन तास धावत खाली आणलं. कॅम्प दिसायला लागला तेव्हा दादाच्या बोटावरच्या मशीनवर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. राखी माझ्याच हातावर होती. वर चढताना हातमोजे होते, परत द्यायचं राहून गेलं.

आता जे लिहितो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्याच संध्याकाळी आम्हाला खालच्या कॅम्पवर ठेवलं. दोघांच्या तंबूत मी एकटा होतो. ऊन अजून होतं, कापड पिवळं दिसत होतं. गॉडलिसन आला. 'किडोले.' मी डावा हात काढला. एक्याण्णव. त्याने लिहिलं. पण तो गेला नाही. चेनच्या फटीतून मला त्याचे बूट दिसत होते. सवयीने थांबला असेल. दुसऱ्या हाताची वाट बघत. मी का काढला ते मला अजून सांगता येत नाही, पण मी उजवा हात बाहेर काढला. त्याने मशीन लावलं. मग वाकून आत बघितलं. मला बघितलं, शेजारची रिकामी चटई बघितली, मनगटावरचा धागा बघितला. त्याने मशीन माझ्याकडे वळवलं.

अठ्ठावन्न.

त्याने ते लिहिलं नाही. आवाज न करता चेन पूर्ण लावली, आत कुणी झोपलेलं असताना लावतात तशी.

म्हणजे त्याला तेव्हापासून कळलेलं आहे, ताई. अडीच महिने तो माणूस त्याच्या ट्रेकिंग कंपनीला एकच वाक्य सांगतो आहे, 'मी आकडा बघितला, आकडा चांगला होता.' माझं नाव त्याने घेतलेलं नाही.

इथे आल्यावर डाव्या हाताला अठ्ठ्याण्णव येतात. उजव्याला अठ्ठावन्न. सेल बदलले. कामावरच्या तीन वेगवेगळ्या मशीनवर बघितलं. डॉक्टरकडे गेलो. तिने नखं बघितली, छाती तपासली आणि म्हणाली, 'यू आर ग्रँड. हात गार पडतात तुझे, एवढंच.' हात गार आहे हे खरं आहे. गरम पाण्यात धरला तर पाणी निवतं. लिहिताना हात टेकतो तिथे कागद ओलसर होतो. या पानाच्या उजव्या कडेला तुम्हाला ते दिसेल.

आमच्याकडे नोरा नावाच्या एक्याण्णव वर्षांच्या आजी आहेत. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. मी दुपारच्या फेरीला मशीन घेऊन गेलो की त्या हात पांघरुणात ओढून घेतात आणि माझ्या मागे दाराकडे बघून म्हणतात, 'आधी त्याचं कर. किती वेळ उभा आहे तो. गारठलाय बिचारा.' पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी वळून बघितलं. आता बघत नाही. 'करतो हं,' म्हणतो आणि जरा वेळ थांबतो, मग त्या हात देतात.

भाऊबीजेला तुमचा फोन आला. शेवटपर्यंत तू त्याच्याजवळ होतास, पुढच्या वर्षी राखी तुला बांधीन, असं तुम्ही म्हणालात. मला सख्खी बहीण नाही. फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथेच बसलो. तुमची राखी मला आधीच बांधून झाली होती, तुम्हाला न विचारता.

ती काढायचा प्रयत्न मी केला. कामावर मनगटावर काही चालत नाही, मॅनेजर दोनदा बोलली. कात्री घेतली पण कापवेना. एका हाताने ती गाठ सुटत नाही. शुक्रवारी, तुमच्या पाकिटाला तीन दिवस झाल्यावर, नोरांनीच माझा हात धरला. त्यांनी आयुष्यभर लोकरीचं विणकाम केलेलं आहे, बोटं अजून चालतात.

'कुणाचं आहे हे?'

'बहिणीचं.'

'तुझ्या?'

'नाही.'

'मग देऊन टाक तिला. तिला लागेल ते.'

पाच-सहा मिनिटं त्या मान खाली घालून बसल्या आणि गाठ सुटली. मग दाराकडे न बघता त्यांनी आपलं बोट पुढे केलं.

काल सकाळी मी खरी हकिगत इंग्रजीत लिहून, सही करून, कंपनीला आणि तिथल्या पार्कच्या ऑफिसला पाठवली. ईमेलनेही आणि पोस्टानेही. तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुमचं उत्तर येईपर्यंत थांबलो असतो आणि तेवढ्यात एकवीस तारीख आली असती. त्यातला मजकूर तुम्ही पोलिसांना किंवा माझ्या कामावर दाखवायचं ठरवलंत तर मी काही म्हणणार नाही. एक प्रत सोबत आहे. तुमचं निवेदनही सही न करता परत ठेवलं आहे. माझी वहीही पाठवतो. २७ ऑगस्टच्या ओळीत 'रणजित ८३' होतं, ते खोडलेलं नाही, शेजारी खरा आकडा लिहिला आहे. माझ्या वहीतली ही एकच दुरुस्ती.

खोली पूर्ण आवरून होईल. या घरात मी राहावं की नाही ते तुम्ही सांगाल तसं.

राखी सोडल्यापासून उजव्या हाताचा आकडा मी बघितलेला नाही. मशीन समोर टेबलावर आहे. कागद अजून ओलसर होतो आहे, पण तो माझ्या घामानेही होत असेल.

राखी वेगळ्या पाकिटात ठेवली आहे. दोन मिनिटांसाठी घेतली होती. आज चौऱ्याहत्तर दिवस झाले.

परत केली आहे, मिळाल्याचं कळवा.

ज्याचं बोट होतं तो,
मोहन