रूथचे पुढचे तीन अध्याय

रवि., २ फेब्रु.
चर्चहून येऊन मी आणि सरू मटार सोलत बसलो. तिच्या आणि माझ्या अशोकच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही तिघं असेच बसलो होतो, ते आठवलं. अशोक सोलायचा कमी, खायचा जास्त. नव्या सुनेने त्याच्या हातावर चापट मारली आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. मी हसले, तेव्हा कुठे तीही हसली. अशोकला जाऊन नऊ वर्षं होतील. सरू माहेरी गेली नाही. दवाखान्यातली नोकरी आणि मी.

मंगळ., ४ फेब्रु.
महिला मंडळाला तासगावच्या लीलाताई आल्या होत्या. त्यांचा भाऊ दिनकर, विधुर, द्राक्षबाग आहे. त्याने सरूला मागणी घातली होती म्हणे, मागच्याच महिन्यात. ती म्हणाली, आईंना सोडून नाही. मला घरी एक शब्द नाही!
जाताना लीलाताई म्हणाल्या, "आवं बाई, तुमी सोडलं तर ती यील."
मी धरलंय कुठे? चिडूनच घरी आले. भाजीत मीठ दोनदा.

शुक्र., ७ फेब्रु.
धरलंय. दरवर्षी मंडळात मीच उभी राहून सांगते, आमची सरू म्हणजे रूथ, सासूला न सोडणारी. बायका टाळ्या वाजवतात, सरू खाली बघते.
आज बायबलमधलं रूथचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. चारच अध्याय, आणि आम्ही पहिल्यावरच आमेन म्हणतो. पुढे सासूच, नामीच, तिला न्हाऊन चांगले कपडे घालायला सांगते, बवाज नावाच्या शेतमालकाकडे धाडते. सुनेचा संसार व्हावा म्हणून. शाळेत अर्धवट वाचणाऱ्या मुलीला सिस्टर बाकावर उभं करायच्या. आज माझी पाळी.
नवरा-मुलगे गमावून गावी आलेली नामी म्हणते मी रिकामी परत आले, आणि रूथ शेजारीच उभी. तिला दिसली नाही. तरी देवाने तिच्या मांडीवर नातू दिला. किती दया! दिवसभर हलकं वाटतंय.

रवि., ९ फेब्रु.
सरूला सांगितलं, दिनकरला हो म्हण.
"आई, मला हाकलताय?"
"हो."
"मग गोळ्या कोण देणार?"
"मला वाचता येतं. कॉन्व्हेंटची आहे मी."
हसता हसता रडली. मीही. रूथ म्हणून मिरवल्याची माफी मागितली. म्हणाली, आवडायचं मला, पण दरवर्षी नको होतं. विचार करून सांगते म्हणाली. दुपारी चहा करताना गुणगुणत होती. कितीतरी वर्षांनी.

सोम., १० फेब्रु.
काय ठरवलंस, असं मी विचारणार नाही. संध्याकाळी दवाखान्यातून तिचा फोन, तासगावला जाऊन येते, जेवून घ्या. हो सांगायला की नाही सांगायला, देव जाणे.
सरूला काय द्यायचं ते हातासरशी लिहून ठेवते. शिलाई मशीन सरूला. सासूबाईंचं मोठ्या अक्षरांचं बायबल सरूला. मोत्याच्या कुड्या सरूला. अशोकचं घड्याळ तिला हवं असेल तर तिला, नाहीतर मेढा गावच्या माझ्या भाच्याला. अशोकचा फोटो माझ्याकडे.
ती नाही म्हणाली तरी यादी हीच.