अकरावं स्टूल

तीर्थरूप मामांना, वाढत्या पोटामुळे जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीचा खोकला गेला, की अजून तुमच्या घोरण्याशी त्याची चढाओढ चालू आहे? इकडे आम्ही मजेत. तुम्ही स्वतःच्या हातानं करून पाठवलेलं यंदाचं स्टूल पोचलं (हे अकरावं, मी नोकरीला लागल्यापासून एकही वर्ष चुकलं नाही). पॉलिश असं फर्मास झालंय की आल्या दिवशी तुमच्या भाचेसुनेनं त्यात बघून केस विंचरले.

पण मामा, या स्टुलानं माझी नोकरी धोक्यात आणलीय. मी हेरखात्यात काय करतो ते तुम्हाला ठाऊक आहे (आणि ठाऊक नाही असं तुम्ही सगळ्या गल्लीला सांगत फिरता, त्याबद्दल आभारी आहे). खात्यात नव्यानं येणारा अधिकारी असो की ड्रायव्हर, त्याला आधी माझ्यासमोर बसावं लागतं. छातीला पट्टा, दंडाला पट्टा, बोटांना क्लिपा लावायच्या आणि पडद्यावरच्या रेघा बघत मी विचारायचं, कधी कुणाची वस्तू ढापलीत का, परक्याला कागद दाखवलेत का. खोटं बोललं की रेघ उसळते असं पुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात ती शिंकेनंही उसळते, आणि समोर अट्टल थापाड्या असेल तर गाढ झोपल्यासारखी पडून राहते. एकेका माणसापायी तीन-तीन तास जातात, आणि शेवटी मी अहवालात 'निष्कर्ष निघत नाही' असं लिहून मोकळा होतो.

तर घरात जागा नव्हती म्हणून (जागा होती, ते पुढे सांगतो) तुमचं स्टूल मी ऑफिसात नेलं आणि चाचणीच्या खोलीबाहेर ठेवलं. पहिल्याच दिवशी त्यावर एक ड्रायव्हर बसला. स्टूल डावीकडे कललं. तो सावरून बसला तर उजवीकडे गेलं. समोर बंद दार, शेजारी आमचा शिपाई (तो जन्मतःच गंभीर आहे). त्या बिचाऱ्याची खात्री पटली की चाचणी सुरू झालीय आणि मनात खोटं आलं की स्टूल हलतं. वीस मिनिटांनी आत आला तो हात जोडूनच. पट्टा बांधायच्या आत त्यानं मालकाच्या गाडीतून सासूला गावी सोडल्यापासून ते लग्नाआधी टक्कल लपवल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्याच्या मागून आलेल्या टायपिस्टबाईंचं तेच. एका जाडजूड अधिकाऱ्यानं तर आत यायचीही वाट पाहिली नाही, शिपायालाच सांगून मोकळा झाला. महिनाभर मशीनवर धूळ बसली आणि मी वेळेवर घरी जाऊ लागलो.

मग मोठे साहेब आले. स्वतः स्टुलावर बसून बघितलं (आणि उठताना, मागची आजारपणाची रजा आपण पोहायला शिकण्यात घालवली असं आपणहून म्हणाले, त्यांचं त्यांनाच नवल वाटलं). उभ्या उभ्या हुकूम सोडला: मशीन बंद, मला जुन्या फायलींच्या तळघरात पाठवायचं, आणि हुबेहूब अशी बारा स्टुलं मागवायची. मागणीपत्र तुमच्या पत्त्यावर निघालंय. मामा, तळघराला खिडकीसुद्धा नाही. आणि मला माझं हे काम मनापासून आवडतं. माणसं खोटं का बोलतात हे बघण्यात मजा आहे; अर्धीअधिक तर दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणूनच बोलतात.

बाकी सगळं ठीक. मामीला नमस्कार.

तुमचा लाडका भाचा

ता. क. आता खरं सांगतो. स्टूल डुगडुगतं. चौथा पाय बोटभर आखूड आहे, आणि अकराही स्टुलांचा आहे. 'झकास, रोज त्यावरच बसून चहा पितो' असं मी दरवर्षी लिहीत आलो ती शुद्ध थाप. दहा स्टुलं माळ्यावर आहेत. तेव्हा पाया पडतो, ही बारा तेवढी चारही पाय नीट मोजून करा. स्टुलं सरळ उभी राहिली की लोक पुन्हा खोटं बोलतील आणि माझं पोट चालेल. रागावू नका.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच साहेबांचा निरोप आला (अकराही स्टुलं अशीच आहेत हे मी त्यांना सांगून बसलो होतो, तेही त्याच स्टुलावर बसून). अकरा वेळा नेमका तोच पाय तेवढाच आखूड ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नाही, म्हणून तुम्हाला खात्याचे सल्लागार नेमताहेत. पण तुमची चाचणी स्टुलावर घेता येत नाही (करणाऱ्याला त्याचं गुपित ठाऊक), मशीनच लागेल. म्हणजे मशीन राहिलं आणि मीही राहिलो.

ता. क. ३. ही आनंदाची बातमी द्यायला आत्ता फोन केला, तर तुम्ही बाहेर गेला होतात. मामी हसत सुटली. म्हणाली, "अरे, ते दरवर्षी चौथा पाय मुद्दाम कापतात. जगाचं खोटं पकडणारा आपला भाचा आपल्याशी कधी खरं बोलतो ते बघू, म्हणतात." सरळ पायांचं एक स्टूल तुम्ही पहिल्याच वर्षी करून ठेवलंय म्हणे, मी खरं लिहीन त्या दिवशी पाठवायला. मामा, आज लिहिलंय. पाठवा.