आईकडून आलेला वाटा

४ मार्च

चि. बाळ्यास, अनेक आशीर्वाद.

तोंडानं सांगणं जमलं नसतं, म्हणून पत्र. जानेवारीत माझं अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. तुझी बेकरी, छकुलीची परीक्षा, उगीच घोर नको म्हणून कळवलं नाही. आता कळवणं भाग आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेशींमधल्या डीएनएत रोज थोडीफार मोडतोड होते आणि ती दुरुस्त करणारी जनुकं असतात. त्यातलं माझं एक जन्मापासून सदोष आहे. बहुधा आईकडून आलेलं. ती चव्वेचाळिसाव्या वर्षी कशानं गेली ते तुला ठाऊकच आहे. तुझ्यात ते असण्याची शक्यता निम्मी, आणि असलं तर तुझी लेक म्हणून छकुलीतही निम्मी. म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका बराच वाढतो, पुरुषांचाही. आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं. रक्त तपासून घे. लहानपणी सुईच्या भीतीनं माळ्यावर लपायचास, आता मावणार नाहीस.

आशीर्वाद आहेतच, लोभही असू दे.
तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आधी तुझा रागच आला. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणी केली, हेच डोक्यात घोळतंय. काल रक्त दिलं. हिला सांगितलं, छकुलीला नाही. ती खेळून आली, पाव खात उभी होती. मी बघतच राहिलो, तर काय झालं म्हणून विचारायला लागली. नाकाला पीठ लागलंय म्हणून वेळ मारून नेली.

जपून राहा, माया कमी करू नकोस.
बाळ्या

२५ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

रिपोर्ट येऊन पाच दिवस झाले. माझ्यात तो दोष नाही, त्यामुळे छकुलीलाही माझ्याकडून यायचा प्रश्न नाही. ही आनंदानं रडली. मला मात्र तुला लिहायचा धीर होईना. एकाच आईची आपण दोघं, आणि सगळं तुझ्याच वाट्याला. चोरी केल्यासारखं वाटतंय.

रागावू नकोस.
बाळ्या

२ मे

चि. बाळ्यास, अनेक आशीर्वाद.

पत्र दारात उभ्या उभ्याच वाचलं. छकुली सुटली, जीव भांड्यात पडला. मग आत येऊन बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. खरं सांगू? तुझ्यातही निघालं तर या दुखण्यात आपल्याला सोबत होईल, असं कुठंतरी वाटत होतं. तुझं वाईट व्हावं म्हणून नव्हे रे. इतकी वर्षं एकटीनं काढल्यावर माणूस कशाकशात सोबत शोधतो, ते मलाच त्या दिवशी कळलं. सही शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या नवऱ्यानं केली. नर्सनं नातं काय लिहू विचारलं, तेव्हा भाऊ लिहा म्हणाले. केमोचे दोन डोस राहिलेत.

एवढं वाचूनही लोभ राहिला तर बरं.
ताई

७ मे

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

रविवारी पोहोचतो. दोन्ही डोस होईपर्यंत राहीन, बेकरी ही सांभाळेल. कुणाला सांगवत नाही ते समोर बसून सांग. नाहीच सांगवलं, तर नुसते बसून राहू.

बाळ्या