डग्लसच्या पत्राचं दुसरं पान

कब्बनपेट, बंगळूर
कार्तिक वद्य तृतीया

चि. सौ. आसावरीस,

सुब्बारावमामाचे पोटभर आशीर्वाद. सोलापुरात तुम्ही सगळी खुशाल आहात असं मी धरून चालतो, कारण नसता तर तुझ्या आईने एव्हाना फोनवरून सबंध कब्बनपेटेला ऐकवलं असतं. जावईबापूंच्या गुडघ्याला आता उतार असेल. (त्यांना सांग, तिळाचं तेल आतून लागत नाही, बाहेरूनच चोळायचं. मागच्या खेपेस त्यांनी काय केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.) तुझ्या शाळेतली पोरं तुझं इंग्रजी ऐकतात की नाही? इकडे मी बरा आहे. तुझी कौशल्यामामी बरी आहे, म्हणजे बोलते आहे. पत्र लिहिण्याचं कारण विशेष काही नाही. शेंगाची चटणी संपली, एवढंच.

आता लिहायला बसलोच आहे तर इकडची हकिगतही सांगतो. तू लहानपणी माझ्या शिवणाच्या मशीनच्या पॅडलवर बसून झोके घ्यायचीस, तेव्हा ही कॉम्प्युटरची भानगड घरात नव्हती. मी ती वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी शिकलो, आणि जसं शिवणकाम शिकलो तशीच शिकलो: आधी सगळं उसवून. शिकलो ते एका न्यूजग्रुपसाठी. न्यूजग्रुप म्हणजे काय हे इथे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तुलाही सांगून ठेवतो. देवळाबाहेर फळा असतो ना, तसा फळा. कुणीही चिठ्ठी डकवावी, कुणीही वाचावी, खाली उत्तर डकवावं. फळ्याला मालक नाही. त्याच्या नकला जगभरच्या इंटरनेटवाल्यांकडे असतात आणि ते आपसांत चिठ्ठ्या पोचवत राहतात. आपण आपल्या इंटरनेटवाल्याकडची नक्कल वाचायची. फोटो नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. आमचा फळा जुन्या शिवणयंत्रांचा. तिथे मला डग्लस भेटला.

डग्लस कॅनडात नोव्हा स्कोशिया म्हणून मुलूख आहे तिथे जुन्या मशिनी दुरुस्त करतो. बावीस वर्षांपूर्वी माझ्या काजं करायच्या यंत्राचा एक तुकडा मोडला, तो अख्ख्या अव्हेन्यू रोडवर मिळेना. मी मोडक्या इंग्रजीत फळ्यावर विचारलं. या सद्गृहस्थाने एकोणीस चिठ्ठ्या लिहून, सायकलीच्या आऱ्यापासून तो तुकडा कानशीने कसा घासून काढायचा ते मला शिकवलं. तुकडा अजून चालतो आहे. तेव्हापासून त्याची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ, आणि रोज एक चिठ्ठी ठरलेली. तो जाडा की बारीक, मला माहीत नाही. आडनाव माहीत नाही. पण त्याच्या दुकानातली कुठली फळी कुरकुरते ते माहीत आहे. (मामी म्हणते, माझ्या माहेरच्या माणसांची नावं यांना बावीस वर्षांत पाठ झाली नाहीत.)

तर या वर्षी नवरात्रात माझी मशीन जड चालायला लागली. मी डग्लसला लिहिलं, आणि आयुधपूजा जवळ आली होती म्हणून जरा हौसेने तेही लिहिलं, की आम्ही वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतो, मशीनला हळदकुंकू वाहतो, शेवंतीची माळ घालतो, दारात कोहळा फोडतो. त्याचं उत्तर आलं. मी डोळ्यांपायी पडद्यावर वाचत नाही, छापून घेतो. पहिलं पान बाहेर आलं ते तसंच ओढून वाचलं. लिहिलं होतं: सुब्बा, तुझ्या मशीनला म्हातारपण आलेलं नाही, तिच्या पोटात तुझं ते लाल पीठ गेलं आहे. खाली बॉबिनजवळचं शटल उघड. शहाणा माणूस यंत्रात पीठ टाकत नाही.

आसावरी, मी चिडलो. वडिलांनी मला मशीनवर बसवलं ते कुंकू लावून बसवलं होतं, आणि हा म्हणतो पीठ! मी तिथल्या तिथे लिहिलं, की यंत्राला हात लावणारे पुष्कळ असतात, हात जोडणारे थोडे, तुम्ही पहिल्यातले, यापुढे माझ्याशी बोलू नका. बटण दाबलं. इंग्रजी इतकं चांगलं उतरलं होतं की राग कमी आणि अभिमानच जास्त वाटला. ते पान चुरगळून टाकलं. छपाई यंत्र मागे अजून घरघरत होतं, मी तिकडे पाहिलंही नाही.

दोन दिवसांनी आयुधपूजा. मशीन, कात्र्या, इस्त्री, आणि माझं दुसरं हत्यार म्हणून कॉम्प्युटर आणि छपाई यंत्र, सगळ्यांना हळदकुंकू झालं, माळा झाल्या. कोहळा फोडून मी हात धुतो तोच जिन्यावर नरसिंह. हा नरसिंह आमचा इंटरनेटवाला, आपल्या गल्लीत भांड्यांच्या दुकानावर त्याची कचेरी. म्हणाला, "सुब्बारावण्णा, धंदा विकला. मोठी कंपनी आली. नेट चालू राहील, पण तुमचा तो फळा ते घेत नाहीत. इवत्तु संजे, आज संध्याकाळी, बंद." मी म्हटलं, असा कसा बंद? लोकांचं काय? तो खाली बघून म्हणाला, "कुठले लोक अण्णा? सहा वर्षं झाली, माझ्याकडच्या त्या फळ्यावर तुम्ही एकटेच येता. तुमच्यासाठीच चालू ठेवलं होतं." मग आपणहून म्हणाला, "शेवटचं काही लिहायचं असेल तर आत्ता लिहून टाका, मी थांबतो."

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. पडद्यावर हळदकुंकू, अक्षरांच्या पाटीवर शेवंती. पूजा केलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हे तुला ठाऊकच आहे. मी म्हटलं, "आज हात लावत नाही." नरसिंह म्हणाला, "सरी अण्णा." प्रसाद घेऊन गेला. मामी तेव्हा मला म्हणाली, "देव काही एवढा तापट नाही, दोन ओळी लिहा आणि मोकळे व्हा." मी तिला शास्त्र सांगितलं. पण तुझ्यापाशी कबूल करतो, शास्त्र नुसतं वर होतं, खाली अस्तर रागाचं होतं.

दसऱ्याला सकाळी निर्माल्य काढलं. मशीनचं चाक फिरेना. शटल उघडलं तर आत तेलात कालवलेलं कुंकू, चांगला गोळा, दर वर्षीचा थर दिसावा असा. (मामीने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "चिमूट लावा, चिमूट लावा म्हणून लग्न झाल्यापासून सांगते. मूठ भरून लावतात, जशी काही नवरीच.") आणि मग छपाई यंत्रावरची माळ उचलली तर तिच्याखाली एक कागद. डग्लसच्या पत्राचं दुसरं पान. पत्र दोन पानी होतं, आणि मी पहिल्यावरच निकाल दिला होता.

त्यावर चारच ओळी होत्या. जुन्या मित्रा, माझं बोलणं मनावर घेऊ नकोस. नऊ तारखेला माझी छाती उघडणार आहेत. डॉक्टर म्हणतात होईल किंवा नाही होणार. नंतर माझी चिठ्ठी आली नाही, तर मी रुसलो असं समजू नकोस.

आता तूच बघ. त्याने असं लिहावं, आणि त्याच्याखाली माझी चिठ्ठी काय, तर यापुढे बोलू नका. आणि तो फळाच माझ्याकडून उचललेला.

नऊ तारखेला सात दिवस होते. मी काय काय केलं ते ऐक. आधी नव्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, राउटर बंद करून चालू करा. मी केला. मोठ्या माणसाने सांगितलं तर करावं, आणि लहानाने सांगितलं तरी करावं. मग डग्लसच्या चिठ्ठीवर असतो त्या ईमेलवर लिहिलं, ते परत आलं. फळ्यावरची माणसं जाहिरातवाल्यांच्या त्रासाला कंटाळून पत्ता खोटाच टाकतात. हे मला माहीत होतं, माझाही खोटाच आहे. मग पोस्टात गेलो. पाकिटावर लिहिलं: डग्लस, शिवणयंत्रं दुरुस्त करणारे, नोव्हा स्कोशिया, कॅनडा. खिडकीतली रूपश्री म्हणून बाई आहे, तिने पाकीट उलटंपालटं केलं आणि विचारलं, "काय अज्जा, कॅनडा म्हणजे कब्बनपेट वाटली का?" पण शिक्का मारला तिने. ते पाकीट कुठल्या समुद्रात आहे देव जाणे.

वरच्या मजल्यावर पुण्याचा निहार राहतो, मारतहळ्ळीला कामाला जातो. तो म्हणाला, "काका, सो सिंपल, आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू, लोक आपोआप जॉइन होतील." मी म्हटलं, अरे, मला लोक नकोत, एक माणूस हवा आहे. पण पोराचा उत्साह. शिवणयंत्र मित्रमंडळ म्हणून ग्रुप निघाला, संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस मित्र झाले. त्यातल्या एकाने व्हाइटफील्डचे फ्लॅट विकायला काढले, दुसऱ्याने मूळव्याधीचं औषध. मशीन कुणाकडेच नव्हती. रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात मात्र येतं. मी ते मामीला दाखवतो, ती परत पाठवते.

शेवटी निहारनेच व्हाइटफील्डच्या शरच्चंद्र म्हणून एका निवृत्त इंजिनियरचा पत्ता काढला. मेट्रोने गेलो. त्या भल्या माणसाने मला दोन तास फळ्यांचा इतिहास सांगितला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या पोटात भूक. मग म्हणाला, "स्वल्प थांबा," आणि एका कागदावर परदेशातल्या एका सर्व्हरचं नाव लिहून दिलं, की हे लोक फुकट वाचू देतात, नुसता अर्ज करून पासवर्ड मागायचा. ती नऊ तारीखच होती. परतताना मेट्रोत मी छातीवरच्या खिशावर हात ठेवून बसलो होतो, समोरच्या बाईंनी विचारलं, दुखतंय का? पण नशीब बघ. घरी आल्यावर शर्ट धुवायला गेला, तो कागदासकट. कागदाचा लगदा झाला. संपलं.

आता मनाची समजूत घातली आहे. बावीस वर्षं पुष्कळ झाली. काही संबंध टाक्यासारखे असतात, उसवले की उसवले. माझं एवढंच म्हणणं आहे, की माणसाने पत्राचं दुसरं पान बघितल्याशिवाय उत्तर देऊ नये, आणि देवाचं नाव पुढे करून राग धरू नये. बाकी ठीक. तुझ्या आईला माझा नमस्कार, म्हणजे ती धाकटी असली तरी तिला तो लागतो. चटणी जरा कमी तिखट असू दे.

तुझाच
सुब्बारावमामा

ता.क. पाकिटाला डिंक लावण्याआधी मामीने हे पत्र वाचलं. ती म्हणते, पन्नास वर्षांत माझ्या हातून खिशातला कागद कधी धुतला गेला नाही, हे खोटं आधी खोडा. म्हणून लिहितो की कागद धुतला गेला नाही. तो मशीनच्या खणात आहे. मी अर्ज केला होता, तीन आठवड्यांनी पासवर्डही आला. फळा माझ्या कॉम्प्युटरवर गेले नऊ दिवस दिसतो आहे.

ता.क. दुसरा. फळ्यावर डग्लसच्या नावाची एक चिठ्ठी आहे, माझ्या त्या चिठ्ठीच्याच खाली, तेवीस तारखेची. मी ती उघडलेली नाही. तू म्हणशील, तेवीस म्हणजे नऊच्या नंतरची, मग माणूस बरा आहे, रडता काय मामा? पण आमच्या फळ्यावर याआधी दोघं गेले, तेव्हा दोन्ही वेळा त्यांच्या मुलींनी बापाच्याच नावाने लॉगिन करून कळवलं होतं. डग्लसलाही मुलगी आहे. मी माफीचं पत्र अकरा वेळा लिहून ठेवलं आहे, पण ते त्याला लिहायचं की तिला, हे कळल्याशिवाय धाडणार कुठे? सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड मागच्या बाजूला लिहिला आहे. तू इंग्रजीची मास्तरीण आहेस, तुझं मन माझ्यापेक्षा घट्ट आहे. तू उघड. दोन पानी असेल तर दोन्ही पानं वाच. चांगलं असेल तर मला फोन कर. तसं नसेल तर मामीला कर, ती मला तिच्या पद्धतीने सांगेल.

ता.क. तिसरा. मामी विचारते, एवढं होतं तर पोरीला सरळ फोन का केला नाही, पत्र पोचायला पाच दिवस लागतात. तिला मी उत्तर दिलं नाही, तुला देतो. पाच दिवस लागतात म्हणूनच पत्र लिहिलं. तेवढे दिवस तरी डग्लस दुकानात बसलेला आहे.