ताटाला लावलेलं बोट

प्रिय ऋषी,

रागावलास तरी फाडू नकोस रे, शेवटपर्यंत वाच. पाडव्याला तू सुलाऊला पहिल्यांदा घरी आणलंस आणि भरल्या ताटावरून उठून गेलास, त्यानंतर तुझा फोन नाही. बाबा बोलले ते वाईटच. होणाऱ्या सुनेला तोंडावर 'मुंडकी उडवणाऱ्यांची पोर' म्हणायचं म्हणजे काय! तू तिचा हात धरून निघालास, पण ती दारातून परत आली, श्रीखंडाला, पुरीला, भाताला बोट लावून ओठांना टेकवलं आणि गेली. झालं! मुद्दाम सगळं उष्टं करून गेली म्हणत बाबांनी घर डोक्यावर घेतलं.

तुला ठाऊक नाही, पण ती मला फोन करते. 'काकू' म्हणते, गोड वाटतं. मीच एकदा विचारलं. तिच्या इबान लोकांत म्हणे समोर आलेलं अन्न तसंच टाकून निघालं, तर वाटेत घात होतो. साप चावतो, होडी उलटते. खाणं जमत नसेल, तर निदान स्पर्श करायचा. त्या दिवशी तिनं तुझ्या ताटालाही बोट लावलं होतं, वेड्या. गाडी तू चालवणार होतास ना!

हे मी बाबांना सांगितलं. मग हळूहळू चौकशा सुरू. बोर्निओत नदीकाठी तिच्या लोकांचं लांबच लांब घर, ओळीनं बिऱ्हाडं, पुढे सगळ्यांचा एकच व्हरांडा. ही तर आमची गिरगावातली चाळ, म्हणाले, आणि झाडतं कोण ते विचारायला लावलं. मुंडक्यांचं सगळं तिच्या पणजोबांच्या काळातच संपलं, आणि आपल्या पूर्वजांच्या तलवारी काय भाजी चिरायला होत्या, हेही मी ऐकवलं. तिच्या आजीनं विणलेल्या कापडात घरातलं नवं बाळ गुंडाळतात म्हटल्यावर मात्र चष्मा पुसत बसले. फोन करा म्हटलं, तर कुठल्या तोंडानं करू, म्हणतात.

काल अचानक गाडी काढली. आपल्या ॲन आर्बरहून पार तुमच्या श्रूजबरीपर्यंत, या गुडघ्यांनिशी! रात्री वाटेतल्या मोटेलात नीट झोपलेसुद्धा नाहीत. आत्ता तुमच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये, मांडीवर पर्स ठेवून मी हे लिहितेय. शेजारी बाबा स्टिअरिंग धरून बसलेत. तिची माफी मागायचीय, पण जिना चढायचा धीर होत नाहीये. मी हे दाराखालून सरकवते आणि परत गाडीत जाऊन बसते. दोघं खाली या रे. तुझा राग गेला नसेल, तर तिला तरी पाठव.

वाट बघणारी, तुझीच,
आई