अडीच दिवसांत काय काय बघायचं

अण्णा, मी भिवंडीला जाऊन आले. फक्त अडीच दिवस. शेलारला चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती, एवढंच निमित्त. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, आईही गेली, तिकडे आपलं म्हणावं असं घर उरलं नाही, त्यामुळे रायपूरहून निघतानाच अंगात कंटाळा होता. बरोबर सासूबाई आणि माझी नववीतली लेक. पूजेचा दिवस सोडला तर पूर्ण मोकळा असा एकच दिवस मिळत होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणहून परतीची गाडी. त्या एका दिवसात काय बघायचं यावरून भावाच्या हॉलमध्ये, भिंतींच्या ताज्या रंगाच्या वासात, वाद सुरू झाला. सासूबाईंना वज्रेश्वरीचं दर्शन घेऊन गरम पाण्याच्या कुंडात पाय बुडवायचे होते. लेकीने वहीच्या मागच्या पानावर मुंबईची यादी केली होती: गेटवे, राणीची बाग, मत्स्यालय. भाऊ म्हणाला, "ताई, सगळं जमायचं नाही. कशेळीच्या पुलावर ट्रकांमध्ये अडकलात की दोन तास गेलेच म्हणून समज. एक काहीतरी ठरव." आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. घरीही असंच असतं, अण्णा. भाजी कुठली करायची इथपासून मीच ठरवायचं, आणि जिचं ऐकलं नाही तिचा रुसवाही मीच काढायचा.

मी म्हणाले, "मला वडप्याला जायचंय." भाऊ हसला. "वडप्याला? तिथे आता गोडाऊनशिवाय काय आहे?" मी म्हटलं, "अण्णांची शाळा." लेकीने वही मिटली. "शाळा आमच्याकडे पण आहे, आई." शेवटी सासूबाई भावजयीबरोबर वज्रेश्वरीला गेल्या आणि लेक फुरंगटून माझ्या शेजारी रिक्षात बसली. यादीतलं मत्स्यालय वाचल्यापासून मला काय होत होतं, ते तिला सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती.

मी चौथीत आहे. तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून रोज तुमच्याच शाळेत जाते. एरवी तुम्ही 'अण्णा', पण शाळेच्या दारातून आत गेलं की 'गुरुजी' म्हणायचं, असा तुमचा दंडक. त्या वर्षी सहल मुंबईला मत्स्यालय बघायला जाणार होती. मी निळा फ्रॉक घालून एसटीत खिडकीशी बसले आहे. बस सुटणार तेवढ्यात माझ्याच वर्गातली एक मुलगी बांधावरून धावत येते. तिला म्हशी सोडून यायला उशीर झालेला. जागा एकही नाही. तुम्ही क्षणभरही थांबत नाही. माझ्याकडे बघून म्हणता, "उतर खाली." मी म्हणते, "मी आधी आले, गुरुजी." तुमचा आवाज चढतो. "उतर म्हटलं ना? तू घरची आहेस. तुला मी कधीही नेईन." चाळीस मुलांसमोर मी उतरले. दिवसभर शिपायाच्या बायकोकडे बसून तांदूळ निवडले. दिवेलागणीला तुम्ही आलात तेव्हा खिशातून एक शंख काढून माझ्यापुढे धरलात. मी हात मागे घेतले. पुढे तुमची बदली झाली, मग आईचं आजारपण, मग तुमचंच हृदय. 'कधीही' आलंच नाही. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. कॉलेजच्या मैत्रिणी एकदा मत्स्यालयाला निघाल्या होत्या, मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

वडपं मला ओळखूच आलं नाही. भाताची खाचरं होती तिथे पत्र्याच्या शेडी, एकीला लागून दुसरी, आणि रस्त्याच्या कडेला ट्रकांची रांग. शाळा होती, पण स्लॅबची, नवी, रविवार म्हणून कुलूपबंद. तुमची कौलारू खोली कुठे होती तेही मला सांगता येईना. लेकीने ओढणी नाकाला लावली. "बघून झालं?" तिने विचारलं, आणि खरंच बघून झालं होतं. तेवढ्यात समोरच्या बंगल्याच्या गॅलरीतून हाक आली. "कोन पायजे तुमाना?" मी शाळेचं सांगितलं, तुमचं नाव सांगितलं. ती बाई कठड्यावर वाकून माझ्याकडे बघत राहिली, मग तरातरा जिना उतरून आली. "गुरुजींची पोर तू! मी वलखलंच न्हाय." मीही तिला ओळखलं नव्हतं. तिने नाव सांगितलं तेव्हा कळलं, बांधावरून धावत आलेली ती हीच.

तिने आम्हाला आत नेलं, चहा केला, बोरं पुढे ठेवली. शेतं आता गोडाऊनला दिलीत, म्हशी नाहीत, सून नोकरीला जाते, असं सांगत राहिली. मग लेकीकडे वळून म्हणाली, "तुज्या आईची जागा घेतली मी. त्या दिशी मना लय वंगाल वाटलेलं." लेकीला काही कळेना, म्हणून तिनेच सगळी हकिगत सांगितली, बस, निळा फ्रॉक, सगळं. आणि मग म्हणाली, "गुरुजी आत न्हायच आले. आमाना दुसऱ्या मास्तरांसंगं आत धाडलं नि सोता भायेर पायरीवर बसून ऱ्हायले. मी इचारलं, गुरुजी, तुमी न्हाय मासे बघत? तर म्हनले, माज्या पोरीला आनीन तवा तिच्यासंगं बघन."

"असं म्हणाले? खरंच?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मंग? खोटं सांगून मना काय भेटनार हाय?"

रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. राग आला, अण्णा. तिला सांगितलंत, एका दहा वर्षांच्या परक्या मुलीला, आणि मला मात्र नुसता शंख. एकदा तरी मला सांगायचं होतंत. दहा वर्षं आपण एका ताटाशेजारी ताट मांडून जेवलो, त्यातल्या एखाद्या दिवशी. मीही विचारलं नाही, हे मला कळतं. पण लहान कोण होतं?

परतताना रिक्षा ट्रकांमध्ये अडकून पडली. लेक माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तू अजून बघितलंच नाहीस? मग उद्या जाऊया ना. गाडी तर संध्याकाळी आहे. आजीला थेट स्टेशनवर बोलवू." तिने सगळं हिशेबात बसवलं होतं, भावाची गाडी, सामान, जेवण. रुसवा पार गेला होता.

हे मी रायपूरला दुपारच्या वेळी लिहिते आहे, सासूबाई पडल्या आहेत, लेक शाळेत. लिहून झालं की डाळीच्या डब्यांमागे ठेवून देईन. टाकायचं तर कुठल्या पेटीत, नाही का. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलं होतं की दुसऱ्या दिवशी वेळ होता. भरपूर होता. मी लेकीला सांगितलं, मत्स्यालय सोमवारी बंद असतं. ते बंद असतं की उघडं, मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही.