वासरांची सरकी

राळेगाव,
ता. १८ फेब्रुवारी १९६३

प्रिय नानाजी,

दरवेळी ‘जावईबापू’ लिहून तुझी खोडी काढतो, आज तसं लिहवत नाही. वणीच्या शाळेत चार वर्षं आपण एका बाकावर काढली. मैना तुझ्या घरी दिली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त मीच मिरवलो होतो. परवा तुझा कागद आला. सोमवारी वकिलाकडे येऊन मैनानं सोडचिठ्ठीवर अंगठा लावायचा, एवढ्या दोनच ओळी. मी वाचून दाखवल्या. ती अंगणात तूर पाखडत होती. “लावून देतो, दादा,” म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

संक्रांतीनंतर पंधरा दिवसांत तुझी तिन्ही वासरं गेली. सगळं दूध राजूरच्या हॉटेलात जातं म्हणून मैना सासूशी, तानाबाईंशी, भांडली होती, त्या रागात तिनंच विष घातलं, असं तानाबाई म्हणाल्या. तुला ते पटलं नव्हतं. गव्हाणीतली उरलेली सरकी फडक्यात बांधून तूच माझ्या हातात दिलीस. “तुह्या नागपूरच्या लॅबात पाह्य, अन् मले फक्त खरं सांग,” एवढंच बोललास.

आमच्याकडे पोलरोग्राफ नावाचं यंत्र आहे. काचेच्या बारीक नळीतून पाऱ्याचे थेंब द्रावणात पडत राहतात, विजेचा दाब हळूहळू वाढवायचा, आणि आत काय आहे, किती आहे, ते कागदावरच्या रेघेत उमटतं. आधी बाहेरचं विष शोधलं. उंदराचं औषध नाही, मोरचूद नाही, काहीच नाही. मग सरकीच्या गराचा अर्क लावला आणि रेघ पायरीसारखी वर चढली. तीनदा केलं, तीनदा तेच. गरात काळे ठिपके दिसतात ना, त्यातलं ते गॉसिपॉल, सरकीचं स्वतःचंच विष. कपाशी किडीपासून वाचायला ते स्वतःच तयार करते. रवंथ करणाऱ्या बैलाच्या पोटात ते निवतं, कोवळ्या वासराच्या अंगात साचत जातं.

हे सगळं मी तुझ्या ओसरीवर कागद पसरून सांगितलं. “बैल तर तेच खाऊन राह्यले, ते काहून नाही मेले?” तानाबाईंनी विचारलं. मी पोटाचे कप्पे समजावत बसलो. मागून कोणीतरी म्हणालं, मशीनही याची अन् बहीणही याचीच. सगळे हसले. नागपुरात माझ्या रेघेवर साहेब डोळे झाकून सही करतात. तुझ्या ओसरीवर तिची किंमत शून्य होती. मग तू मैनाला विचारलंस, आपल्याकडे वासराला सरकी कोणी देत नाही, तुला हे कोणी सांगितलं? “कोणी नाही. माह्याच मनानं देल्ली,” ती म्हणाली. तू उठून गोठ्यात गेलास, आणि दुसऱ्या दिवशी तिला इथे माहेरी आणून सोडलंस.

नानाजी, तिला मी सांगितलं होतं. भाऊबीजेला तुझ्या गोठ्यात वासरांच्या फासळ्या पाहिल्या आणि मोठ्या शहाणपणानं बोललो, दूध नाही तर भिजवलेली सरकी दे, दोन मुठी, महिन्याभरात बाळसं धरतील. गॉसिपॉल मला बाटलीवरच्या चिठ्ठीपुरतं ठाऊक होतं. गोठ्यात उभं असताना ते डोक्यातही आलं नाही. त्या दिवशी ओसरीवर तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची घडी घालत राहिलो. गावात मला साहेब म्हणतात, तेवढ्यासाठी गप्प बसलो. मैनाला या पत्राचं माहीत नाही. कळलं तर मला वाचवायला ती हेही खोटं ठरवेल, आणि सोमवारी अंगठा लावायला निघालेला तिचा हात मला धरवणार नाही. तो तूच धरू शकतोस. रविवारच्या मोटारीनं ये. माझं तोंड पाहू नकोस हवं तर, पण तिला घेऊन जा.

तुझाच, तुझ्या वासरांचा गुन्हेगार,
घनश्याम